बाबांचा आवाज आणि समोरचं चष्म्याचं दुकान

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (दाराला लाथ मारल्याने अंगठा सुजलाय, म्हणून तूर्त उभ्यानेच. दाराला काही झालेलं नाही.) तुझे गुडघे काय म्हणतात? काका अजून टीव्हीसमोर झोपून "बघतोय, बंद करू नकोस" म्हणतात का? फोनवर मागून बाबांचा आरडाओरडा ऐकून तू घाबरलीस आणि बापलेकांत समेट करायला रविवारी येतेयस, असं आई म्हणाली. येण्याआधी खरी हकीकत कळलेली बरी.

पार्किन्सन्सने बाबांचे हात आधी धरले आणि आमचं लक्ष नसताना घसा. जन्मभर ड्रायव्हिंग स्कूल चालवून शेजारच्या सीटवरून "ब्रेक! अरे ब्रेक!" करत ज्यांनी अर्धं गाव रस्त्याला लावलं, त्यांनी मीठ मागितलं तर आई पेपर आणून द्यायला लागली, इतका आवाज बसला. पाठोपाठ चहाने वाट चुकायला सुरुवात केली. घोट घेतला की ठसका, आणि तोही मांजर शिंकल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, खोकला येतो ही काळजी नाही, तो जोरात येत नाही ही काळजी आहे. छातीत अन्न उतरायला लागलं तर नाकातून नळी घालावी लागेल. नळीचं नाव काढल्यावर बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे न रागावता बघत राहिले. मला ते मुळीच आवडलं नाही.

मग घशाच्या व्यायामाच्या बाई यायला लागल्या. ताठ बसा, हनुवटी खाली, घास छोटा, एका घासाला दोनदा गिळा, गोळीचा अंमल असतानाच जेवा, आणि जेवताना बोलायचं नाही. (हा शेवटचा नियम आईने आमच्या सगळ्यांना लावून घेतला आहे.) चहात एक पावडर घालतात. त्यात चमचा उभा राहतो आणि बाबांचा चेहरा पडतो. शिवाय रोज जेवणाआधी मोठ्याने "आ" म्हणायचं. बाई म्हणाल्या, याने खोकल्यातही जोर येतो. किती मोठ्याने? बाईंनी खिडकीतून बोट दाखवलं, ते समोरचं चष्म्याचं दुकान आहे ना, तिथपर्यंत! एवढ्यावर न थांबता त्या स्वतः तिथल्या मुलीला सांगून आल्या, ऐकू आलं की हात वर कर.

आत्या, जगात दुकानं काय कमी होती? त्या मुलीकडून मी, डोळे ठणठणीत असताना, तीनदा नंबर तपासून घेतलाय. (आईला हे मी सांगितलेलं नाही. तिला माहीत आहे, तो भाग वेगळा.)

बाबांचा "आ" खिडकीचा गज ओलांडेना. तेवढ्यात मी ब्रश तोंडात धरून तिथून गेलो आणि घर हादरलं. "कॉलेज सोडलंस, आता दिवस उजाडायची ही वेळ झाली का, गधड्या?" समोर हात वर. बाईंना तर काय हर्षच झाला! तेव्हापासून दोन्ही वेळा जेवणाआधी मला खिडकीशी उभं करतात. माझा आळस, माझे केस, मी ठोकलेली स्कूलची गाडी, सगळं क्रमाने रस्त्याच्या पलीकडे पोचतं आणि ती प्रत्येक दुर्गुणाला हात वर करून पोच देते. मी उलट बोलायचं नाही, कारण मग बाबा घास तोंडात असतानाही उत्तर शोधत बसतात.

माझं डोकं तुला ठाऊकच आहे. एके दिवशी "लग्न कोण करेल याच्याशी" हेही पलीकडे पोचलं, तिचा हात वर झाला, आणि मी दाराला लाथ घालून मित्राच्या खोलीवर गेलो. दोन दिवसांनी ती रस्त्यात भेटली. म्हणाली, "दोन दिवस काहीच ऐकू येत नाही. तुम्ही सुधारलात की काय?" मी धावत घरी आलो. बाबा जेवत होते, ठसका लागला, आणि आत्या, खोकलाच येईना. नुसती हवा. डोळ्यांत पाणी, ओठ काळपट. आई पाठीवर थापा मारत होती. अखेर कसाबसा एक खोकला आला आणि घास बाहेर पडला. त्यानंतर कितीतरी वेळ मी त्यांचा हात धरून बसलो होतो. थरथर नक्की कोणाची हे सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःहून खिडकीशी उभा राहिलो आणि म्हटलं, "बाबा, तुमची गाडी भंगारात देतोय." असा आवाज निघाला की दुकानातून मालकानेही हात वर केला.

काकांना नमस्कार. कळावे,
तुझा भाचा

ता. क. रविवारी अवश्य ये, पण समेट करू नकोस. जमल्यास तुझ्या सासरच्या पुतण्याच्या फर्स्ट क्लासचा विषय जेवणाआधी काढ.

ता. ता. क. मी या आठवड्यापासून संध्याकाळच्या कॉलेजला जातोय. (तिची अट. बारावा दुर्गुण ऐकूनही तिने अट घातली, यातच सगळं आलं.) बाबांना यातलं काही कळता कामा नये. खूश झालेल्या बाबांचा आवाज उंबऱ्यापर्यंतही जात नाही.

आणखी एक. तुझ्या पोटात काही राहत नाही हे मला माहीत आहे. सांगशीलच. तेव्हा निदान आधी त्यांना ताठ बसव, आणि तोंडात घास नाही ना ते बघ.