खुर्चीतून उठण्याचा युक्तिवाद

डनीडिन, ९ ऑगस्ट

आदरणीय मोरागताईस,

धाकट्या इव्हरचा सविनय नमस्कार. तुझा खोकला आता उतरला असेल अशी आशा आहे. नसल्यास तो उतरेपर्यंत ओमारूच्या बंदरात पोहायला जाऊ नकोस, ही विनंती (जी तू मानणार नाहीस, हे गृहीत धरूनच केली आहे). तू पाठवलेला ओटचा केक पोहोचला. तो टिकाऊ आहे. अद्याप टिकून आहे.

आता मुख्य विषय. मे महिन्यात, इथला हिवाळा सुरू होताच, गोठलेल्या पायऱ्यांवरून घसरत मी टपालपेटीपर्यंत बसूनच पोहोचलो, त्यानंतर आपल्यात करार झाला होता: बारा सप्टेंबरला डॉक्टरांपुढे, हातांचा आधार न घेता, खुर्चीतून सलग पाच वेळा उठून दाखवले तर मी या चढावरच्या घरात राहीन, अन्यथा घर विकून तुझ्या पसंतीच्या वृद्धाश्रमात जाईन. त्या तयारीसाठी तूच मला निवृत्त प्राध्यापक मंडळाच्या ऑनलाइन मंगळवार-सभेत ढकललेस. पहिला अर्धा तास व्याख्यान (हिमनद्या, शेवाळ, एकदा दोरीच्या गाठी), दुसरा अर्धा तास खुर्चीतले व्यायाम. या व्यवस्थेविषयी माझे मत प्रतिकूल होते. ते मी मागे घेत आहे, आणि ते का, हे सांगायला थोडा विस्तार लागेल.

व्यायाम शिकवतात त्या सीना लेऔपेपे. व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट, सामोअन कुटुंबात चार आजी-आजोबांच्या धाकात वाढल्यामुळे म्हाताऱ्यांना मुळीच भीत नाहीत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आठ व्यायामांचा कागद सर्वांना पाठवला आणि खाली लिहिले, "आपले अभिप्राय जरूर कळवा." ताई, हे वाक्य बावीस निवृत्त प्राध्यापकांना लिहिणे म्हणजे सीगल पक्ष्यांपुढे तळलेल्या माशांची पुडी उघडणे. व्यायाम कुणीच केला नाही. सर्वांनी परीक्षण केले. भूशास्त्राच्या हेक्टर गिलरॉयने "आरामात बसा" आणि "पाठ ताठ ठेवा" या दोन सूचनांतील विसंगती चार परिच्छेदांत दाखवली. वनस्पतिशास्त्राच्या बर्निसबाईंनी संदर्भसूची मागितली. माझे टिपण अकरा पानांचे होते. "दुखू लागल्यास थांबा" या नियमावर मी लिहिले की, ज्याचा गुडघा आरंभापूर्वीच दुखतो त्याला हा नियम आरंभच करू देत नाही. सबब मी आरंभ केलेला नाही. (युक्तिवाद निर्दोष होता. आजही आहे.)

दुसरे कुणी असते तर काम सोडून गेले असते. सीनाबाईंनी आठ दिवसांत बावीसही जणांच्या एकेका आक्षेपाला लेखी उत्तर दिले. माझ्या नावापुढे होते: "आक्षेप मान्य. सुधारित नियम: नेहमीपेक्षा जास्त दुखलं तर थांबा." चाळीस वर्षे मी लोकांचे निबंध तपासले, इतक्या सरळपणे चूक कबूल करून तितक्याच सरळपणे परीक्षकाला कोंडीत पकडणारा लेखक मला भेटला नव्हता. तरीही मंगळवारी मी हात वर केला आणि म्हणालो की, हा प्रश्न नसून एक टिप्पणी आहे.

"बोला ना सर," त्या म्हणाल्या, "पण उठता उठता बोला."

"इव्हर, तुझे आक्षेप कधीचे उभे आहेत," हेक्टर पडद्यावरच्या आपल्या चौकटीतून ओरडला, "आता तूही हो की लेका!"

"हेक्टर, तू आधी तो चहाचा कप खाली ठेव," बर्निसबाई म्हणाल्या. "अर्ध्या तासात तेवढंच वजन उचललंयस तू!"

त्यानंतर जे घडले त्याचे श्रेय सर्वस्वी त्या बाईंचे आहे. हेक्टर आता किटलीला उकळी येईपर्यंत एका पायावर उभा राहतो. शस्त्रक्रियेनंतर दोन हिवाळे घराबाहेर न पडलेल्या बर्निसबाई मागच्या रविवारी वनस्पती-उद्यानात चालत जाऊन आल्या, आणि तिथल्या तीन पाट्यांवरच्या चुका त्यांनी सभेत वाचून दाखवल्या. सभेला जो येत नाही त्याला सीनाबाई स्वतः फोन करतात; कारण विचारत नाहीत, फक्त पुढचे व्याख्यान कशावर आहे ते सांगतात. आणि कळवण्यास आनंद होतो की, काल मी सलग पाच वेळा उठलो. सर्व चौकटींतून टाळ्या पडल्या. तेव्हा घराचा प्रश्न निकालात निघाला असे मानायला हरकत नाही.

तुझा आज्ञाधारक (वादाचे प्रसंग वगळून) भाऊ,
इव्हर

ता. क. सत्यास स्मरून एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. कॅमेऱ्यात मी छातीपासून वरच दिसतो. काल माझे दोन्ही हात चौकटीबाहेर, खुर्चीच्या हातांवर होते. वर मी फक्त "उठलो" असे म्हटले आहे. ते खरे आहे.

आणखी ता. क. सीनाबाईंच्या ते लक्षात आले होते. सर्वांसमोर त्या काही बोलल्या नाहीत. सभेनंतर फोन आला: "सर, पायांच्या जोरावर उठणाऱ्याचं नाक आधी पुढे येतं. तुमचे आधी खांदे वर येतात. माझे आजोबाही अश्शीच लबाडी करायचे!" मी म्हणालो, "आक्षेप मान्य." (हे वाक्य जपून ठेव, असे यापूर्वी घडलेले नाही.)

शेवटचा ता. क. माझ्या घरात हात नसलेली एकही खुर्ची नाही. आईची स्वयंपाकघरातली खुर्ची तुझ्याकडे आहे. ती हवी आहे. शिवाय सीनाबाईंची अट अशी की, सुरुवातीचे काही दिवस उठताना शेजारी कुणीतरी माणूस असावे. त्यावर मी आक्षेप लिहायला घेतला होता. अर्ध्या पानावर थांबलो. खुर्ची एकटी बसने येऊ शकत नाही, हे तुलाही मान्य व्हावे. पायऱ्यांवर मीठ टाकले आहे, मागच्या खोलीत हीटर लावला आहे. पोहण्याचा पोशाख आणलास तरी मी काही बोलणार नाही.