चित्राखालची पट्टी

सर, दहावीनंतर तुम्ही मला बक्षीस दिलेल्या चित्राची काच परवा फुटली, म्हणून ते घोडेगावच्या फ्रेमवाल्याकडे नेलं. इंग्रजांच्या काळातलं ते छापील चित्र, भाताची रोपं हातात घेतलेली बाई, बिनकाष्ट्याचं लुगडं पार घोट्यापर्यंत. मागचा पुठ्ठा काढला तर आत कागदाची अरुंद पट्टी निघाली, चित्राच्या खालूनच कापलेली. तिच्यावर इंग्रजी ओळ, आणि खाली पेन्सिलीने तुमच्याच वळणदार अक्षरात तिचा अर्थ: 'बंगालमधली शेतकरीण'. म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं.

शिनोलीच्या शाळेतलं ते गॅदरिंग आठवतं का हो तुम्हाला? आमचा भातलावणीचा नाच होता. आई तळेघरहून पहिल्या एसटीने आली होती, स्वतःचं लुगडं पिशवीत घालून. वर्गाचं दार लावून ती मला नेसवते, काष्टा घट्ट ओढून, गुडघ्याच्या वर. मी बाहेर येते तर तुम्ही हेच चित्र घेऊन उभे. "हे काय नेसवलंय? आपल्या बायका मुळात अशा नेसायच्या, हे बघा." आई चित्र बघून हसते. "सर, आसं नेसून चिखलात उतरली तर दुसऱ्या पावलाला तोंडावर पडंल. माझी आजी बी आसं नेसत नव्हती." तुम्ही म्हणालात, "बाई, तुमच्या आजीच्या आधीचं आहे हे. अडाण्यासारखं बोलू नका." सगळ्या मुली ऐकत होत्या. आईने मला आत नेलं, काष्टा सोडला आणि तुमच्या त्या चित्राकडे बघत बघत घोट्यापर्यंत निऱ्या घातल्या. नाच सुरू व्हायच्या आत ती निघून गेली. पुन्हा शाळेची पायरी चढली नाही.

मला फार राग आलाय, सर. तुम्ही फसवलंत. इतकी वर्षं मी ते चित्र बैठकीच्या खोलीत मिरवलं, आल्यागेल्याला 'आमच्याकडच्या बाया' म्हणून दाखवलं, आणि आई त्याच्याच खाली बसून तांदूळ निवडत राहिली. तुम्ही असतात तर तुमच्या दारात येऊन भांडले असते. आता कुणाशी भांडू? पट्टी फेकून तरी द्यायची होतीत.

आई अजून माझ्याकडेच असते. परवा पट्टी माझ्या हातात बघून तिने विचारलं, "काय लिवलंय गं त्याच्यावर?"

"छापखान्याचं नाव," मी म्हणाले.

पट्टी मी परत होती तिथेच सरकवली. हे पत्रही तिच्यामागेच जाईल. खरं सांगितलं असतं तर आईने पुढचं विचारलं असतं. गॅदरिंगच्या आधीच्या पावसाळ्यात मी तिच्या शेजारी उभी राहून भाताची आवणी केली होती, गुडघाभर चिखलात, तिनेच मारून दिलेल्या काष्ट्यात. तिचं खरं आहे हे मला शाळेत, तुमच्यासमोर उभी असतानाच कळत होतं. पण तुम्ही मला नाचात पहिल्या रांगेत उभं करणार होतात.