राखेची लादी

१४ मार्च १९७८, मंगळवार

डोकं अजून तापलेलंच आहे. शाळेच्या फरशीसाठी मी सिंदी स्टेशनावरून इंजिनाची जळकी राखड पोत्यात भरून आणली, चाळली, रेतीऐवजी सिमेंटात कालवली आणि नमुन्याची एक लादी पाडली. रोज पाणी मारलं. गेल्या महिन्यात ग्रामसभेत ती दाखवली, तर सरपंचांनी तिला बोटसुद्धा लावलं नाही. "मास्तर, राखंवर पोट्टे बसवता का? पानी पडलं का इरघळून जाईन ते!" सगळे खी खी हसले. हेच लोक राखेनं भांडी घासतात, राखच कपाळाला फासतात. म्हणे इरघळून जाईन! चिडून लादी तिथंच टाकून आलो.

आज सहीसाठी सरपंचांकडे गेलतो. मागच्या अंगणात त्यांची बायको धुणं आपटत होती. माझ्याच लादीवर! कोपऱ्यात मी कोरलेली खूणसुद्धा तशीच.

"किती आपटा मास्तर, हिचा टवका नाई उडत," बाई कौतुकानं म्हणाल्या.

तेवढ्यात सरपंच वावरातून आले. लादीवर उभे राहिले, चिखलाचे पाय खसाखसा घासून धुतले, वर तांब्याभर पाणी ओतलं आणि मला म्हणाले, "मंग मास्तर, शाळेसाठी रेती कवा बोलावू?"