बदललेली बाटली

सांगली, १९९४

सौ. बया,
बिरोबाच्या दयेनं मी दवाखान्यात बरा हाय. लंगड्या मेंढीला कोकरू झालं का?

हितं आमच्यासारख्या ढिल्या काळजाच्या लोकांवर शक्तीच्या गोळ्या तपासत्यात. निम्म्या बाटल्यांत खरी गोळी, निम्म्यांत नुसतं पीठ. कुणाला काय, डॉक्टरलाबी ठाव न्हाई.

माझ्या पायाची सूज लय उतरली हुती. म्हंजी माझीच बाटली खरी. शेजारच्या खाटंवरचा वाईचा सौमित्र मातर सुजतच चालला हुता. लगीन होऊन वरीसच झालंय त्याचं.

अशक्त कोकराला आपण दुसऱ्या मेंढीचं दूध पाजतो का न्हाई? तशा म्या गुपचूप बाटल्या बदलल्या. आता तो जिना चढतो.

काळजी करू नगं. येताना दादाच्या मोठ्या वहाणा आण. माझ्या वहाणा आता पायात बसंनात.

पोरांच्या डोक्यावरनं हात फिरव.
अर्जुना