ड्रायव्हर तेलुगू निघाला

२७ ऑक्टोबर, पोर्ट ब्लेअर

ड्रायव्हर तेलुगू निघाला!

सोलापूर सोडलं, दोन विमानं बदलली, समुद्राच्या मधोमध आलो — आणि हितंबी तेलुगू! नाव अप्पाराव. वय असेल पस्तीस. दात पांढरेशुभ्र. तो फोनवर बोलत होता ते श्रीलतानं ऐकलं आणि मागच्या सीटवरून एकदम तेलुगूत काहीतरी बोलली. त्यानं ब्रेकच मारला. मग जे दोघं सुरू झाले ते हॉटेल येईपर्यंत! मी पुढं, त्याच्या शेजारी. माझ्या कानावरून बायकोचं बोलणं पुढं जातंय, त्याचं मागं येतंय. एक अक्षर कळेल तर शपथ!

लग्नाला अकरा वर्षं झाली, पण ती भाषा काही मी शिकलो नाही. कशाला शिकायची? मी टेंभुर्णीचा, घर माझं, घरात मराठीच — हे पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलेलं. माहेरी, सोलापूरच्या पूर्व भागात, सगळी तेलुगूच; तिथं बोल की काय बोलायचं ते. मी कुठं अडवलंय?

खोलीत आल्यावर विचारलं, काय म्हणत होता?

"काही नाही हो. त्याचे आजोबा श्रीकाकुळमहून आले होते, तेच सांगत होता."

एवढं सांगायला अर्धा तास लागतो होय!

२८ ऑक्टोबर

समोरच्या बेटावर गेलो. बोटीच्या तळाला काच. खाली पोवळी, निळे-पिवळे मासे. ऋतुजा — आमची लेक, तिसरीत आहे — नुसती किंचाळत होती. सगळे काचेत बघत होते, मी श्रीलताकडं. अप्पारावला गाडीपाशी थांब म्हटलं होतं. पण बोटवाला त्याच्या ओळखीचा, म्हणून हा पण बोटीत! फुकट! आणि बसला कुठं? बरोबर तिच्या समोर.

ती हसली. साधी नाही, ओढणी तोंडावर धरून हसली. गड्ड्याच्या जत्रेत मोठ्या पाळण्यात बसवलं तेव्हाबी माझ्यासोबत एवढी हसली नव्हती. तळपायाची आग मस्तकात गेली. उठलो आणि दोघांच्या मधे जाऊन बसलो. बोट कलंडली, बोटवाला ओरडला. ओरडू दे!

तो तिला अक्का म्हणतो. अक्का म्हणजे थोरली बहीण, सोलापुरात शेंबड्या पोरालाही कळतं. म्हटलं म्हणून काय झालं? युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यातला तो कटिंग मास्तरही ताई-ताईच करायचा. तिला तिथलं मशीनवरचं काम मी सोडायला लावलं ते उगीच नाही. "पगार चांगला आहे हो," म्हणत होती. पगार काय करायचाय? मी मेलोय का?

दुपारी कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा उघडला. तिनं आधी त्याला वाढलं! पाहुण्याला आधी द्यावं म्हणे. पाहुणे आपण का तो? गडी डोळे मिटून खातोय. चटणी माझ्या आईनं कुटलेली!

संध्याकाळी तिचा फोन बघितला. नेहमीच बघतो, तिला माहीत आहे. काही सापडलं नाही. पुसलं असणार.

२९ ऑक्टोबर, सकाळ

सेल्युलर जेल बघितला. अप्पाराव आत आला नाही. जेल लई आवडला.

२९ ऑक्टोबर, संध्याकाळ

त्यानं घरी जेवायला नेलं. मी नको म्हणत होतो, ही आधीच हो म्हणून बसलेली. त्याची बायको बघून जिवात जीव आला. देखणी आहे की! श्रीलतापेक्षाही. घरात असलं माणूस असताना हा दुसरीकडं कशाला बघेल? असं मनाला समजावत माशाचा घास गिळतोय, तोवर श्रीलता त्याच्यासोबत बाहेर गल्लीत! तो हात करून कुठलं तरी घर दाखवतोय, वरचा मजला. ही मान हलवतीये.

भरलं ताट सोडून उठलो. दोघींना गाडीत बसवलं.

हॉटेलवर बोललो. जास्तच बोललो. तिचं माहेर काढलं, मास्तर काढला, तोंडाला येईल ते. ऋतुजा बाथरूममध्ये जाऊन बसली. श्रीलता दर वेळी रडते, मग मी गप्प होतो, मग चहा होतो. आज रडली नाही. कपड्यांच्या घड्या घालत राहिली. "झालं तुमचं?" एवढंच म्हणाली.

चहा मी एकट्यानं घेतला.

३० ऑक्टोबर

ड्रायव्हर बदलून घेतला. नवा बंगाली. म्हातारा. आता बोल म्हणावं!

ती दिवसभर समुद्रात पाय सोडून बसली होती, मी शेजारी. तिघांचे फोटो काढले. काय निळं पाणी! जीव हलका झाला. शेवटी आपली बायको आपलीच असते, उगीच डोक्यात राख घालून घेतली. सोलापूरला गेल्यावर तिला एक चांगली साडी घ्यावी म्हणतो.

३१ ऑक्टोबर, विमानात

श्रीलता झोपलीये. ऋतुजा खिडकीपाशी. तिला तेलुगू येते, आजीकडून उचललीये. इतके दिवस लेकीला विचारायची लाज वाटत होती. आत्ता विचारलंच. आई त्या काकांशी काय बोलायची गं?

"शिवणाचं काम मिळतं का, ते विचारायची. आणि माझ्या शाळेचं. आणि खोलीचं."

"खोली? कुणाला?"

"आम्हाला."

"म्हणजे आपल्या तिघांना."

ती बाहेर ढगच बघत होती.

"नाही बाबा. दोघींना."