सोबत्याशिवाय

७ एप्रिल

"सत्तरी ओलांडलेल्या माझ्या चालणाऱ्या बंधू-भगिनींनो! आता आपल्याला पायवाटेवरसुद्धा पालक लागणार आहे!"

अशी सुरुवात करायची. पहिल्याच वाक्यात ठिणगी पडली पाहिजे. आयुष्यभर वर्गात इतिहास शिकवला आणि वर्गाबाहेर शिक्षक संघटनेच्या व्यासपीठावरून बोलले. सभा पेटते कशी आणि विझते कशी, दोन्ही पाहिलंय.

पायवाट मंडळाचा ठराव असा — सत्तरीपुढच्या माणसाने पन्नाशीच्या आतला सोबती आणला तरच मंडळाच्या विश्रांतीघरात जागा. विश्रांतीघर नाही म्हणजे डोंगर नाही. म्हणजे आम्ही घरीच बसायचं. सव्वीस तारखेला वाटेच्या पार शेवटी, तळ्याकाठी, सभासदांची सभा आहे. दुसऱ्या दिवशी तिथेच मतदान. आम्ही दोघी तिथे चालत जाणार. इथून, बंदरापासून. सोबत्याशिवाय! याहून मोठा युक्तिवाद कोणता?

मुलगा फोनवर: "आई, बसने जा आणि भाषण कर. भाषण तर तेच राहील ना?"

नाही राहणार! बसमधून उतरलेल्या बाईचे शब्द आणि डोंगर चालून आलेल्या बाईचे शब्द एक नसतात. हे त्याला कळत नाही. माझ्याच पोटचा, आणि कळत नाही!

८ एप्रिल

निघालो. निघण्याआधी वन्संनी माझी सॅक उपसली. "तीन पुस्तकं? डोंगर तुझ्याकडे शिकवणीला येणारेय का?" दोन काढून बंदरावरच्या खानावळवाल्याकडे ठेवली. तिसरं मी आधीच स्वेटरमध्ये गुंडाळलं होतं.

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. वयाने माझ्याहून मोठ्या, नात्याने लहान. म्हणून त्या मला वहिनी म्हणतात आणि अगं-तुगं करतात. मी त्यांना अहो-जाहो. भांडणात माझा तोटा होतो. 'तुम्ही मूर्ख आहात' यात काही जोर आहे का?

हे गेले तेव्हा लोक यायचे, बसायचे, सुस्कारे टाकायचे, जायचे. वन्सं आल्या आणि दारातच म्हणाल्या, "ऊठ वहिनी. बूट घाल." तेव्हापासून चालतोय.

१० एप्रिल

वारा नाही, ऊन नाही, तक्रार नाही. डाव्या पायाची करंगळी सोडून.

१२ एप्रिल

आज लांबलचक चढ. मी पुढे, वन्सं मागे — नेहमीसारखं. माझी चाल लांब, त्यांची बारीक पण न थांबणारी. एकमेकींच्या चालीने चालायचं नाही, हे आमचं पहिल्यापासून ठरलेलं. त्यासाठी या वाटेवरची जुनी रीत आहे: फाटा आला की पुढच्याने आपण जातोय त्या बाजूला एक दगड ठेवायचा, आणि मागून येणाऱ्याने तो उचलून गवतात टाकायचा, म्हणजे नंतर येणारा फसत नाही. दगड दिसला की वन्संना कळतं, वहिनी इकडे गेली. सोपं.

भाषण चालता चालता मोठ्याने म्हणते. पाठ होतं. वन्सं म्हणतात, "चढावर तुझं भाषण बरं पडतं. मला राग येतो, आणि रागात चढ संपतो."

मुलांच्या वॉर्डात नर्स होत्या त्या. अजून सगळ्यांशी तसंच बोलतात. रात्री माझी करंगळी बघताना — "ओरडायचं नाही. शहाणी आहेस ना तू?" मी! या वयात!

१५ एप्रिल

विश्रांतीघराच्या राखणदाराने दारातच विचारलं, "तुमच्यासोबत कोण?"

"आम्ही एकमेकींसोबत."

"तसं नाही हो. तरुण कोण?"

वन्सं माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "त्या मानाने ही."

हसला. चांगला माणूस आहे. हे आणि पुढचं, दोन्ही विश्रांतीघरं तोच बघतो. कायम कानटोपी घालतो, झोपतानाही, म्हणून सगळे त्याला टोपी म्हणतात. जेवताना त्यानेच सांगितलं: मंडळाचे चिटणीस सगळ्या विश्रांतीघरांना फोन करताहेत. सत्तरीपुढचं कुणी हरवलं का, कुणाला शोधायला जावं लागलं का? अजून एकही प्रकरण नाही. "पण एक जरी मिळालं ना बाई, तर ठराव बोलायच्या आधीच पास."

मिळणार नाही. मी त्याला सांगितलं. छाती ठोकून सांगितलं.

१८ एप्रिल, संध्याकाळ

मेंढ्यांच्या रिकाम्या गोठ्यात बसून लिहितेय. उजवा घोटा सुजलाय.

काय झालं ते नीट लिहिते. सकाळी दरीच्या कडेने चालताना भाषणाचा शेवट जमेना. "आमचे पाय आमचे आहेत" यावर संपवावं, की प्रश्नावर? दोन्ही म्हणून बघितले. आवाज चढवून, उतरवून. हातवारेसुद्धा केले! मध्ये फाटा कधी येऊन गेला, कळलंच नाही. दगड ठेवला नाही. शेवट जमला, मागे वळून "कसा वाटला?" म्हटलं — आणि मागे कुणीच नव्हतं. दरीला भाषण दिलं मी! टाळ्या पडल्या नाहीत.

घाईने उलटी फिरले, आणि घोटा मुरगळला. जेमतेम हा गोठा गाठला. पाणी आहे, बिस्किटं आहेत, स्वेटर आहे, पुस्तक आहे. सकाळपर्यंत काही होत नाही मला. वन्सं बरोबर वाटेने विश्रांतीघरी पोचल्या असणार.

थोड्या वेळाने.

शोधायला आलेत. खालून शिट्टी — तीनदा. हरवलेल्याने एकदा वाजवून उत्तर द्यायचं. शिट्टी माझ्या गळ्यातच आहे. मुठीत धरून बसलेय.

वाजवणार नाही. वाजवली की मी 'सापडलेली बाई' झाले. चिटणिसांना हवं ते एक प्रकरण, आणि तेही माझं! सगळ्या सत्तरीवाल्यांच्या वाटेवर माझ्या हाताने कुलूप. नाही. सकाळी स्वतःच्या पायांनी जाईन. लंगडत का होईना, स्वतःच्या पायांनी!

वन्संचा आवाज. "वहिनीऽऽ!" ओढ्याच्या बाजूने. त्या कशाला आल्या? रागावतील. उद्या समजावून सांगेन, त्यांना पटेल.

पुन्हा एकदा. "वहिनी, ओ दे गं!"

आता नाही येत आवाज. परत गेल्या असणार.

१९ एप्रिल

वन्संचं मनगट मोडलंय.

काठी घेऊन सकाळी विश्रांतीघरी पोचले, दार ढकललं आणि म्हटलं, "आले बघा! कुणाच्या मदतीशिवाय!" टोपी चुलीपाशी उभा होता. त्याने नुसतं बाकाकडे बघितलं. वन्सं हात स्वतःच्याच ओढणीत बांधून बसल्या होत्या. काल माझ्या मागे ओढ्यात उतरल्या, शेवाळावरून घसरल्या.

"तू कुठे होतीस गं?"

"गोठ्यात. झोप लागली होती."

"हाका ऐकू आल्या नाहीत?"

"नाही."

त्या रडल्या. मी चुलत नणंदांच्या लग्नात, ह्यांच्या मरणात, कुठेच त्यांना रडताना पाहिलं नाही. मला म्हणाल्या, "मला वाटलं, गेलीस तू." आणि मग लगेच — "बूट काढ. घोटा दाखव."

२१ एप्रिल

गावातलं हॉस्पिटल. प्लास्टर घातलं. डॉक्टर तरुण आहे, चटपटीत. वन्संनी त्याला प्लास्टर कसं भिजवायचं ते शिकवलं, आणि तो शिकलाही.

दुपारी चिटणीस आले. फळं घेऊन! फार नम्र माणूस, त्यामुळे जास्त राग येतो. "तुमच्याविषयी वैयक्तिक काही नाही बाई. पण वयस्कर स्त्री ओढ्यात पडते, हेच तर आम्ही सांगतोय."

"त्या हरवल्या नव्हत्या," मी म्हटलं. "त्या शोधायला आल्या होत्या."

"कुणाला?"

मी पांघरुणाची घडी नीट करू लागले. वन्संनी शांतपणे एक फळ त्यांच्या हातात परत दिलं. "मला हे चालत नाही. तुम्हीच खा. तोंड बंद राहील."

२३ एप्रिल

बसने आलो तळ्याकाठी. खिडकीतून वाट दिसत होती, वर डोंगरात. वन्सं माझ्या खांद्यावर झोपल्या होत्या, मला हलता आलं नाही.

२४ एप्रिल

त्यांच्या वेण्या घालते, घास कालवते, बटणं लावते. "सोबती मिळाली बाई मला," त्या म्हणतात. "पन्नाशीच्या आतली नाही, पण चालेल."

सांगावं असं वाटतं. पाण्याचा पेला देताना, मलम लावताना, दर वेळी. तोंड उघडते आणि भलतंच बोलते. माझ्याजवळ शब्द नाहीत असं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

२५ एप्रिल

भाषण परत वाचलं. चांगलं आहे. अगदी नेमकं आहे. आणि त्यात एक भोक आहे, जे फक्त मला दिसतं.

चिटणीस उद्या वन्संचं उदाहरण देणार. मी खरं सांगितलं नाही तर त्या 'पडलेली म्हातारी' ठरणार. सांगितलं तर सापडायचं प्रकरण माझं, ठराव पास, आणि वन्संना सगळ्यांच्या देखत कळणार. आधी एकटीला सांगायला हवं. रात्री सांगेन.

नाही सांगितलं. लवकर झोपल्या. मी झोपू दिलं.

२६ एप्रिल

सभागृह भरलं होतं. पांढरी डोकी, काठ्या, गुडघ्यांचे पट्टे. चिटणिसांनी ठराव मांडला, ओढ्याची हकीकत सांगितली. वन्सं तिसऱ्या रांगेत, प्लास्टर मांडीवर.

माझी पाळी आली. भाषण घडी करून खिशात ठेवलं.

म्हटलं, "या बाई पडल्या, कारण त्या मला शोधत होत्या. आणि मला त्यांच्या हाका ऐकू येत होत्या. दोन्ही हाका. शिट्टीसुद्धा. माझ्या गळ्यात शिट्टी होती आणि मी ती वाजवली नाही!"

तिसऱ्या रांगेकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढे बोलता आलं नसतं.

"का वाजवली नाही? या ठरावाच्या भीतीने! असा नियम कराल तर म्हातारी माणसं चालायची थांबणार नाहीत, चिटणीस. ती लपायला लागतील. दुखलं तर सांगणार नाहीत. हरवली तर ओ देणार नाहीत. डोंगरात मरतील, पण तुमच्या वहीत येणार नाहीत. मी शिकलेली, सवरलेली, आयुष्यभर दुसऱ्यांना धीट व्हा म्हणून सांगणारी बाई — मी गोठ्यात लपले! मग बाकीच्यांचं काय होईल?"

काय टाळ्या! काठ्या आपटल्या लोकांनी फरशीवर. मागच्या रांगा उठून उभ्या राहिल्या. चिटणीस स्वतः चष्मा पुसत होते. टोपीने लांबून हात वर केला. मतदान उद्या सकाळी, पण सभागृह बघितलं की कळतं. मला कळतं ते.

जिंकलो!

खोलीवर येताच वन्सं भिंतीकडे तोंड करून बसल्या. दमल्या असतील. बटणं स्वतःच काढली, एका हाताने. मी पुढे झाले तर म्हणाल्या, "राहू दे."

२७ एप्रिल

ठराव पडला. आपण जिंकलो. वाट मोकळी.

ठरावाच्या बाजूने थोडेच हात वर झाले. त्यात तिसऱ्या रांगेतला एक, प्लास्टरमधला.

बाहेर पायरीवर मी विचारलं, "वन्सं, तुम्ही?"

"भाषण छान झालं वहिनी. पण नियम तर अजून झालाच नव्हता. मग मी हाका मारत होते तेव्हा तू कुणाला घाबरलीस?"

त्या बसथांब्याकडे निघाल्या, बारीक, न थांबणाऱ्या चालीने. मी मागे.

सत्तरी ओलांडलेल्या माझ्या मैत्रिणींनो, वाट आता आपली आहे. एवढंच करा: कुणी हाक मारली, तर जिथे असाल तिथून आधी ओ द्या. मुद्दा मागाहून मांडता येतो.

"वन्सं!" मी हाक मारली. त्यांनी ओ दिली नाही. पुन्हा मारते.