पांढरी जोडी कोण हाकायचं

आये, काल शर्यत मंडळाचे सेक्रेटरी महाडला माझ्या घरी आले होते. बंदी उठल्यापासून शर्यती पुन्हा जोरात आहेत. पोलादपूरकडच्या मैदानावर त्यांना जुन्या गाडीवानांच्या नावांचा फलक लावायचा आहे. आपल्या पांढऱ्या जोडीबद्दल त्यांनी वडिलांकडून ऐकलेलं, डावा बैल वळणावर कसा आत दाबायचा तेसुद्धा. फक्त जोडी कोण हाकायचं, हे कोणाला सांगता येईना, आणि तू नि बाबा तर कधीच गेलात, म्हणून ते माझ्याकडे आले.

कसं येणार? भोंग्यावर नाव पुकारायचे ते मालकाचं आणि बैलांचं. तू पहिल्यांदा हाकलंस तेव्हा, एरवी हाकणारे काका तापाने पडले होते आणि बाबांना बैल जवळ उभं करीनात, कारण वर्षभर त्यांना चारा घालायचीस तू, नदीवर न्यायचीस तू. भातकापणी झालेलं मोकळं शेत. तू लुगड्याचा काचा घट्ट मारतेस आणि छकड्यावर चढतेस. माणसं हसतायत, मला कुठे तोंड लपवू असं झालंय. बाकीचे गाडीवान शेपट्या पिळतात, पराणी टोचतात. तू नुसती जिभेने टकटक करतेस, आणि जोडी अशी सुटते की हसणारे गप्प होतात. फेटा बाबांना बांधला, नारळ बाबांना दिला. नंतर सात-आठ वर्षं तूच हाकलंस आणि फेटे त्यांनी मिरवले. मला त्यांचा अजून राग येतो.

त्या पहिल्या शर्यतीच्या संध्याकाळी तू त्याच नारळाची चटणी वाटत होतीस. कासऱ्याने तळहात सोललेला, मिठाने झोंबत होता.

"आये, तुझं नाव का नाय घेतलं?"

"नाव घेऊन काय शिजतं काय गो? भाकर घे."

पुढे मला बघायला बिरवाडीची माणसं यायची होती. सकाळी माझी वेणी घालताना तू म्हणालीस, "कोणी इचारलं तर सांग, बैल बापूस हाकायचा." मी तसंच सांगितलं. लग्न जमलं.

आणि काल सेक्रेटरींनी विचारलं, तेव्हा मी चहा पुढे करत म्हटलं, "बाबाच." त्यांनी लिहून घेतलं. साठी उलटली माझी, सासू-सासरे कधीच गेले, आता कोण काय म्हणणार होतं? आईने सांगितलेलंच बोलले, अशी कालपासून स्वतःची समजूत घालतेय. पण तू ते एका सकाळपुरतं सांगितलं होतंस. पुढची चाळीस वर्षं मी माझ्या मनाने तेच सांगत आले, कारण मला तुझी लाज वाटायची.

फलक रविवारी लागणार आहे. सेक्रेटरींचा नंबर माझ्याकडे आहे. सकाळपासून त्यांना फोन करायचा सोडून मी हे तुला लिहीत बसले आहे.